दिल्लीचे ठोके

कुडाळकरसाहेबांच्या खोलीत टीव्ही होता आणि त्याचं तोंड कायम भिंतीकडे होतं. वर्गात मस्ती करणाऱ्या पोराला कोपऱ्यात उभं करतात तसा. मागचं झाकण काढलेलं, आतून एक वायर बाहेर काढून टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात नेलेली. स्पीकरची तार त्यांनी स्वतःच्या हातानं कापली होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी बावळटासारखं विचारलं, "साहेब, हा बिघडलाय का?" मान वर न करता ते म्हणाले, "बिघडलाय तो तुमच्या घरचा. तो नुसतं चित्र दाखवतो. हा काम करतो." मी बावीस वर्षांची होते, डिप्लोमा नुकताच हातात पडला होता. त्या क्षणापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला, आणि आज तो या जगात नसतानाही पुरता बाहेर निघालेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं हे मला माहीत आहे. जमेल तेवढं लिहीन.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, फेज टूला, आमची कंपनी होती. मुख्य माल म्हणजे फ्रिक्वेन्सी काउंटर. एखादी लहर सेकंदाला किती वेळा येते हे मोजणारं यंत्र. त्याच्या पोटात एक स्फटिक असतो आणि त्या स्फटिकाच्या ठोक्यांवरून यंत्र आपला सेकंद ठरवतं. स्फटिक किंचित पुढेमागे झाला की यंत्र खोटं बोलायला लागतं. म्हणून माल बाहेर पडण्याआधी प्रत्येक यंत्र त्याहून अचूक ठोक्याशी, आमच्या भाषेत 'स्टँडर्ड'शी, जुळवावं लागतं. तसा ठोका देणारं अणुघड्याळ घ्यायचं तर आमच्या मालकांना कंपनीच विकावी लागली असती. कुडाळकरांनी तो ठोका हवेतून उतरवला होता. त्या काळी टीव्हीचं चित्र ओळीओळीनं काढलं जायचं, सेकंदाला बरोबर पंधरा हजार सहाशे पंचवीस ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक ठोका. दिल्लीहून देशभर जाणाऱ्या कार्यक्रमांचे हे ठोके तिथल्या अणुघड्याळावर चालायचे. घरोघरी बायका दुपारची सिरियल बघायच्या आणि त्याच सिरियलबरोबर इतकं अचूक घड्याळ फुकटात घरात येत होतं. ते कोणालाच नको होतं. फेज टूमधल्या या एका माणसाला मात्र फक्त तेच हवं होतं.

यात एकच अडचण होती. दिल्लीचा कार्यक्रम थांबून मुंबईचे मराठी कार्यक्रम सुरू झाले की ठोकेही मुंबईचे यायचे. मुंबईचं यंत्र साधं होतं, आमच्या कामापुरतं अचूक नव्हतं. बघणाऱ्याला काही फरक पडत नसे, आमचं मात्र सगळं मोजमाप वाया जायचं. म्हणून साहेब रोज सकाळी वर्तमानपत्रातून टीव्हीचं वेळापत्रक कापायचे, दिल्लीच्या वेळांवर लाल पेन्सिलीनं खूण करायचे आणि तो कपटा टेबलाच्या काचेखाली सरकवायचे. लाल खुणेच्या वेळातच रीडिंग घ्यायची. "चित्र लोकांचं, ठोका आपला," हे ते इतक्यांदा म्हणायचे की कँटीनमध्ये आम्ही चहा ओततानाही त्यांच्या आवाजात तेच म्हणून हसायचो.

माणूस खडूस होता. हा शब्द मी रागाने नाही, मोजून वापरते आहे. किती वाजले असं त्यांनी विचारलं आणि कोणी "सव्वाअकरा होतायत" म्हटलं की संपलं. "होतायत म्हणजे? झालेत की व्हायचेत?" 'मला वाटतं' अशी सुरुवात जरी माझ्या तोंडून निघाली तरी ते पेन खाली ठेवायचे. "गायकवाड, तुझं मत घरी ठेवून ये. मला आकडा दे." माझं नाव वंदना आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. दोन वर्षांत त्यांनी ते एकदाही घेतलं नाही. मी कल्याणहून यायचे. एकदा दोन मिनिटं उशीर झाला तर सगळ्यांसमोर म्हणाले, "कल्याण हलवलं का रात्रीत कुठे लांब?" सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण प्रोबेशनवरच्या मुलीला मस्तक नसतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. कोणासमोरही ते सारखेच खडूस होते. एकदा क्रिकेटचा अटीतटीचा सामना होता आणि कंपनीतला दुसरा टीव्ही नेमका बंद पडलेला. मालक स्वतः आमच्या खोलीत आले, मागे दहाबारा जण. मालकांनी टीव्ही हातानं वळवला. कुडाळकर उठले आणि त्यांनी भिंतीवरचं मेन बटण बंद केलं.

"अहो कुडाळकर, पाच ओव्हर राहिल्यात!"

"माझी तीन रीडिंग राहिलीत, साहेब."

मालक सगळी वरात घेऊन बाहेरच्या पानाच्या टपरीवर रेडिओ ऐकायला गेले. कुडाळकरांनी टीव्ही पुन्हा भिंतीकडे फिरवला, बटण चालू केलं आणि मला म्हणाले, "बघत काय बसलीस? दोन तास तापू दे परत. स्फटिक थंड झाला." त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला होता. हे लिहितानाही जिभेवर कडू चव येते आहे, पण वाटला होता.

काम त्यांनीच शिकवलं, हेही खरं. पत्र्याच्या डब्यातून दिल्लीचे ठोके कसे वेगळे काढायचे, आपल्या यंत्राचे ठोके त्यांच्याशेजारी कसे ठेवायचे, ऑसिलोस्कोपच्या छोट्या पडद्यावरची रेघ डावीकडे सरकली तर काय आणि उजवीकडे सरकली तर काय, हे सगळं. शिकवताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा, फार नाही, एखाद्या मिनिटापुरता. "ही रेघ थांबली ना गायकवाड, की समज दिल्ली आणि डोंबिवली एका ठोक्यावर आली." मग लगेच, "तोंड काय उघडं ठेवलंयस? लिही."

माझं प्रोबेशन संपायला दीड महिना होता. बाबांची कंपनी बंद पडून दोन वर्षं झालेली, धाकटा भाऊ बारावीला, घर माझ्या पगारावर चाललेलं. कायम झाल्याचं पत्र हातात पडलं की सगळं मार्गी लागणार होतं. आई तर बिल्डिंगमध्ये सांगूनही मोकळी झाली होती.

त्या दुपारी कुडाळकर मालकांबरोबर ठाण्याला एका ग्राहकाकडे गेले होते. काचेखालच्या कपट्यावर त्यांच्याच हातची लाल खूण होती, दोन ते चार, दिल्ली. मी दार लावून घेतलं, सव्वादोनला सुरुवात केली आणि साडेतीनपर्यंत बारा काउंटर जुळवले. प्रत्येकाची रेघ थांबवली, आकडा लिहिला, सही केली. इतकं स्वच्छ काम मी त्याआधी केलं नव्हतं. बारा यंत्रं दुसऱ्या दिवशी पॅक होऊन गेली.

पंधरा दिवसांनी बाराच्या बारा परत आली. ग्राहकाकडे स्वतःचं चांगलं घड्याळ होतं. कोटीत एका ठोक्यापेक्षा जास्त चूक चालणार नव्हती आणि आमची बाराही यंत्रं कोटीत दहानं चुकत होती. सगळी सारखीच, एकाच बाजूला. एखादं यंत्र बिघडलं असतं तर गोष्ट वेगळी. बाराही सारखी चुकतात म्हणजे ज्याच्याशी जुळवली तेच चुकीचं होतं. मी घरी येऊन जेवायला न बसता वहीतली तारीख बघत होते. आईनं विचारलं काय झालं. तारीख सांगितली तर ती पटकन म्हणाली, "अगं, त्या दिवशी मतमोजणी नव्हती का? दोनच्या सुमाराला माझी सिरियल मध्येच तोडली मेल्यांनी आणि मुंबईचे निकाल लावले. चारपर्यंत तेच चाललेलं. संध्याकाळी सांगितले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं?"

सगळा उलगडा झाला. छापील वेळापत्रकात दिल्ली होती, पण मतमोजणीमुळे मुंबईनं दुपारभर मध्ये घुसून आपलं बातमीपत्र चालवलं होतं. मी जुळवलेले ठोके मुंबईचे होते. नुसता डोळा टीव्हीच्या पडद्यावर गेला असता तरी कळलं असतं. नुसता आवाज कानावर आला असता तरी कळलं असतं. कल्याणमध्ये भाजी निवडणाऱ्या माझ्या आईला जे दिसत होतं, ते त्या टीव्हीपासून दोन हातांवर बसून मला दिसत नव्हतं, कारण त्याचं तोंड भिंतीकडे होतं आणि स्पीकरची तार कापलेली होती.

सकाळी मी धावतच त्यांच्या खोलीत गेले. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. चूक सापडली की या माणसाला आनंद व्हायचा. मी धापा टाकत सगळं सांगितलं. कुडाळकर शांतपणे ऐकत होते.

"आईला आठवतंय? चांगलं आहे," ते म्हणाले. "तुझी आई स्टँडर्ड आहे का?"

"साहेब, पण खूण तुम्ही..."

"रीडिंगखाली सही कोणाची आहे?"

सही माझी होती. दुपारपर्यंत माझ्या फाइलमध्ये त्यांच्या वळणदार अक्षरात शेरा पडला. 'संदर्भाची खात्री न करता मोजमाप केले. कामात निष्काळजी. कायम करण्याची शिफारस नाही.' मालकांनी तो वाचून माझ्याकडे बघितलंही नाही. महिनाअखेरीस मी घरी. आईनं बिल्डिंगमध्ये काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पुढचं वर्षभर मी दिवा स्टेशनजवळच्या एका गाळ्यात प्लास्टिकचे डबे पॅक करत होते आणि प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न यायचा, आधीच्या कंपनीनं कायम का नाही केलं? भावानं बारावीनंतर कॉलेज सोडून काम धरलं. तो कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढे ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका तपासणी लॅबमध्ये मला काम मिळालं. हळूहळू वर चढले, आता ती लॅब मीच बघते. आमच्याकडे उपग्रहावरून वेळ घेणारं यंत्र आहे, छपरावर वाटीएवढा अँटेना आहे. कुडाळकरांची डोंबिवलीची कंपनी केव्हाच बंद पडली होती. काही वर्षांपूर्वी एका सकाळी रिसेप्शनवरून फोन आला, "मॅडम, एक आजोबा आलेत, खूप भांडतायत." मी खाली गेले. कापडी पिशवीत जुना काउंटर घेऊन कुडाळकर उभे होते. केस पांढरे, पाठ वाकलेली. फॉर्मवर 'वेळ' असा रकाना होता आणि त्यात मुलीनं 'साधारण दहा' लिहिलं म्हणून भांडण.

मला ओळखायला त्यांना एक क्षणही लागला नाही. "गायकवाड," ते म्हणाले. "मॅडम झालीस."

निवृत्तीनंतर ते आंबिवलीला घरीच लोकांची जुनी यंत्रं दुरुस्त करत होते, तीही टीव्हीवरच जुळवून. "डिजिटल आलं तेव्हाच ठोका बिघडला होता," ते सांगत होते, मी विचारलेलं नसताना. "चित्र दहा यंत्रांतून फिरून यायचं, त्यात दिल्ली कुठली राहतेय? तरी रोज लावून बघायचो. आता मनोऱ्यावरून जुनं प्रक्षेपण बंदच केलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. हा एवढा एक काउंटर तपासून दे. प्रमाणपत्रासकट."

मी त्यांचं यंत्र लावलं. ते शेजारी स्टुलावर बसले. "तापायला किती वेळ देतेस?" मी म्हटलं अर्धा तास. "दोन तास," ते म्हणाले. आणि मी, लॅबची प्रमुख, निमूट दोन तासांचा गजर लावला. त्याचाच मला इतका संताप आला की मी दार लावून घेतलं आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"त्या बारा यंत्रांचं काय झालं होतं, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"माल परत आला त्या संध्याकाळपासून. घरी जाऊन बायकोला विचारलं. तिचीही सिरियल तुटली होती." त्यांनी चष्मा पुसला. "तू सकाळी सांगायला आलीस तेव्हा मला सगळं माहीत होतं."

मी तीस वर्षं हे वाक्य कल्पून बघितलं होतं. ते इतक्या सहज येईल असं कधी वाटलं नव्हतं. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर मालकांनी टीव्ही उचलून बाहेर टाकला असता. ग्राहकही म्हणाले असते, सिरियलवर जुळवलेला माल आम्हाला नको. दुसरं स्टँडर्ड घ्यायची ऐपत नव्हती. विभाग बंद झाला असता. सात माणसं होती त्या विभागात."

"सात कुठली? मला धरून आठ होतो."

"तू प्रोबेशनवर होतीस," कुडाळकर म्हणाले.

आवाजात ना पश्चात्ताप ना अरेरावी. रीडिंग सांगावं तसं सांगितलं. मी त्यांना दिव्याचा गाळा सांगितला, भावाचं कॉलेज सांगितलं, आईबद्दल ते जे बोलले होते ते सांगितलं. "माझ्या आईबद्दल काय म्हणालात आठवतंय? ती बरोबर होती. तुमच्या टीव्हीपेक्षा ती बरोबर होती." ते ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी काउंटरकडे बघितलं, किती तापलाय ते. मी ओरडले, "माझ्याकडे बघा!" बाहेर सगळ्यांनी माना वर केल्याचं मला काचेतून दिसलं.

"काय हवंय तुला?" त्यांनी विचारलं.

"लिहून द्या."

त्यांनी कागद मागितला. कंपनी अस्तित्वात नव्हती, मालक वारले होते, तरी त्यांनी वर व्यवस्थित 'प्रति, व्यवस्थापक' लिहिलं, कंपनीचा जुना पत्ता लिहिला आणि अर्धा तास ते लिहीत होते. अक्षर अजून तसंच वळणदार. 'वेळापत्रकावरची खूण माझी होती. संच भिंतीकडे ठेवण्याचा व आवाज बंद ठेवण्याचा नियम माझा होता. खरे कारण मला तक्रार आली त्याच दिवशी कळले होते. कु. वंदना गायकवाड यांच्याविरुद्धचा शेरा मी ते माहीत असताना लिहिला.' वाचताना माझे डोळे भरून आले, कारण माझं नाव त्यांना माहीत होतं. मग मी शेवटची ओळ वाचली. 'तथापि, मोजमाप करणाऱ्याने आपल्या संदर्भाची स्वतः खात्री करून घेणे अपेक्षित असते.'

"ही ओळ काढा," मी म्हटलं.

"का? खोटी आहे?"

खोटी नव्हती, तीच तर पंचाईत होती. माझ्या लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी तेच सांगते. खुर्चीवरून उठून तो टीव्ही एकदा फिरवून बघायचं माझ्या मनात त्या दुपारी आलंच नव्हतं असं नाही. मी भ्यायले होते, त्यांना. "खरी असली तरी तिथं नकोय," मी म्हटलं. "त्या कागदावर नकोय. एवढं एक तुम्ही माझ्यासाठी सोडा."

"मी खरं तेच लिहिणार. निम्मं लिहायला सांगू नकोस."

"त्या दिवशी तर निम्मंही लिहिलं नव्हतंत!"

कागद मी त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. "माझ्याकडे राहील. हवा असेल तेव्हा ये," म्हणाले. गजर वाजला. मी यंत्र तपासलं. बंद पडत आलेल्या टीव्हीवर जुळवलेला तो काउंटर कोटीत एका ठोक्याच्या आत होता. मी तेच लिहून प्रमाणपत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुझं स्टँडर्ड कोणी तपासलंय?" मी कागद दाखवला. त्यांनी तोही वाचला, मान हलवली, पिशवी उचलली आणि गेले. सोडायला मी दारापर्यंतही गेले नाही.

दीड वर्षानं त्यांच्या मुलीचा फोन आला. साहेब गेले होते, आठ दिवस झाले होते. ती फार नम्रपणे बोलत होती. "ताई, बाबांच्या टेबलावर एक पत्र आहे, तुमचं नाव आहे त्यात. मी आवरायला घेतलं की म्हणायचे, ते तिथंच असू दे, गायकवाड न्यायला येणार आहे. शेवटच्या आठवड्यातही विचारत होते, आली होती का म्हणून. मी आणून देऊ का ठाण्याला?"

मी विचारलं, "त्याची शेवटची ओळ वाचून दाखवतेस?"

तिनं वाचली. 'तथापि'पासून 'अपेक्षित असते'पर्यंत, शब्द न् शब्द तशीच होती.

"मग राहू दे," मी म्हणाले. "नको आणूस."

फोन ठेवला आणि मला रडू आलं. बराच वेळ आवरेना. या माणसासाठी आपण रडतो आहोत याचा मला इतका राग आला की मी तशीच उठून तोंड धुतलं आणि कामाला लागले.